आधी मतलब, मग एन्टर

माझ्या धाकट्या दिराने, जितूने, निसारभाईंना फसवलं. पैशाला नाही. निसारभाईंनी स्वतःला एक चांगली सवय लावून घेतली होती, त्या सवयीलाच धरून फसवलं. त्यात निसारभाईंचं नाव गेलं आणि मागोमाग ते स्वतःही गेले. आमच्या घरात याला 'मशीनची चूक' म्हणतात. मी म्हणत नाही. भंगाराच्या हातगाडीपासून कळंबोलीच्या लोखंड बाजारातल्या स्वतःच्या यार्डापर्यंत मी आले ती तराजूखाली कोणाचं बोट आहे हे ओळखत आले. या वेळीही ओळखलं आहे. पण ते मागून सांगेन. ज्यांनी निसारभाईंना पाहिलं नाही, त्यांना आधी माणूस कळू दे.

ते पहिल्यांदा आले ते गिऱ्हाईक म्हणून. पनवेलच्या मोहल्ल्यातल्या घरावर एक खोली चढवायची होती, तिला सळया हव्या होत्या. कुवेतमध्ये एका कोठारावर नोकरी करून परत आलेला, साठीला टेकलेला माणूस. पांढऱ्या शर्टाची बटणं गळ्यापर्यंत लावलेली, चष्मा दोरीने गळ्यात अडकवलेला, अंगाला अत्तराचा वास. आमच्या यार्डात गंजाची पूड हवेतच असते. तिथे हा माणूस इस्त्रीचा रुमाल अंथरून त्यावर बसला आणि भाव करायला लागला. मी भाव करण्यात कोणाला ऐकत नाही. पण हे गृहस्थ प्रत्येक आकड्यावर मान हलवून "वा" म्हणायचे आणि पुन्हा स्वतःच्याच आकड्यावर येऊन थांबायचे. माझं डोकं तापायला लागलं होतं, तेवढ्यात वजनकाटा अडला.

आमच्या काट्यावर गाडी चढली की तिचा फोटो निघतो, मग पावती. ते फोटो आणि यार्डातल्या कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग एका जुन्या मशीनवर साठायचं. ते बसवून देणारा पुण्याला निघून गेला होता आणि फोन उचलत नव्हता. त्या मशीनला ना चित्रं, ना माउस. काळा पडदा आणि त्यावर लुकलुकणारी एक रेघ. तिथे हुकूम टाइप करायचा आणि एन्टर दाबायचं. हुकूम चुकीचा असला तरी मशीन 'नक्की का?' असं विचारणार नाही. निमूट करून मोकळं होईल. म्हणून त्याला कोणी हात लावत नसे. बाहेर ट्रकवाले हॉर्न मारत होते आणि मी त्या काळ्या पडद्यावर ओरडत होते.

"बाय, ओरडून मशीन घाबरत नाही," मागून आवाज आला. "मी बघू?"

"तुम्हाला येतं?"

"अजिबात नाही. पण विचारता येतं."

त्यांनी मोबाइलवर पडद्याचा फोटो काढला आणि फोनशी बोलायला लागले. "हे बघ बाबा, इथे एक बाई खूप संतापलेली आहे, बाहेर गाड्या थांबल्या आहेत. मशीन असं म्हणतंय. काय करू ते सांग, आणि का करू तेही सांग." एआयने खाली हुकूम लिहून दिला आणि हुकुमाखाली त्याची फोड. निसारभाईंनी एका बोटाने एकेक अक्षर शोधत तो हुकूम टाइप केला. मग बोट एन्टरच्या वर हवेत धरून थांबले.

"अहो, दाबा ना!"

"आधी मतलब, मग एन्टर." चष्मा चढवून त्यांनी फोड वाचून दाखवली. "हा हुकूम फक्त जागा किती उरली ते विचारतो. काही हलवत नाही, काही पुसत नाही. समजलं?"

"मला काय करायचंय समजून? दाबा!"

"मशीन तुमचं. तुम्हाला समजलं नाही तर मी कशाला दाबू?"

"समजलं!"

"मग सांगा काय समजलं."

बाहेर हॉर्न, आत मी शाळेतल्या पोरीसारखी पाठ म्हणतेय: हा हुकूम जागा विचारतो, हलवत नाही, पुसत नाही. मग त्यांनी एन्टर दाबलं. असे आणखी काही हुकूम, प्रत्येकाची फोड, प्रत्येकाला माझी परीक्षा. काटा सुरू झाला तेव्हा मला त्या माणसाला मिठी मारावी की मारावं, कळत नव्हतं. सळया मी त्यांच्या आकड्याला दिल्या. वर नोकरी देऊ केली.

नोकरीचाही भाव झाला. पगारावर ते एक शब्द बोलले नाहीत. मागितलं काय, तर पाठ असलेली खुर्ची, शुक्रवारची दुपार आणि चहात आलं. खुर्ची दिली, शुक्रवार दिला. आल्याच्या बाबतीत मी अडून बसले, कारण काहीतरी जिंकणं मला भागच होतं. ते दुसऱ्या दिवसापासून खिशातून आल्याचा तुकडा घेऊन यायला लागले.

एआयला ते 'मुन्शी' म्हणत. कोठारावर असताना हाताखाली एखादा मुन्शी असावा ही त्यांची हौस तिकडे कधी पुरी झाली नव्हती, ती इथे झाली. त्याच्याशी बोलणं ऐकण्यासारखं असे. "माफी मागू नकोस, काम सांग." "एवढं लांबण नको, आमच्याकडे क्रेन चालू आहे." "हां, आता कसं माणसासारखं बोललास." पहिल्या दिवसांत मुन्शीच्या फोडी पुस्तकी असायच्या. फोल्डर, डिरेक्टरी, पाथ असलं काहीतरी. यार्डात कोणाच्या डोक्यात ते शिरत नसे. मग निसारभाईंनी त्याला यार्डाची भाषा शिकवली. मुन्शीला बजावून सांगितलं की आमच्याकडे गोष्टी तीन प्रकारच्या. एक, माल उचलून दुसरीकडे ठेवणं. दोन, भंगारात टाकणं. तीन, भट्टीत टाकणं. प्रत्येक हुकूम यातलं नेमकं काय करतो, ते आधी सांगायचं.

"भंगारात टाकलेलं परत काढता येतं, बाय," ते म्हणायचे. "भट्टीत गेलेलं नाही. मशीनवर काम करायला एवढा फरक कळला की पुरे."

फोड वाचायची तर ऐकणारा हवा, हा त्यांचा दुसरा हट्ट. एकट्याने वाचलं तर माणूस आपल्याला हवं तेच वाचतो, असं त्यांचं म्हणणं. सुरुवातीला जो समोर सापडेल त्याला धरायचे. चहावाला, ट्रकचा क्लीनर, एकदा तर वर्गणी मागायला आलेले मंडळाचे कार्यकर्ते. पुढे ते काम बारकूकडे गेलं.

बारकू विचुंब्याचा. आमच्या क्रेनला इशारा द्यायचं काम तो करायचा. क्रेन चालवणाऱ्याला सळयांच्या जुडीपलीकडचं दिसत नाही. तो फक्त इशाऱ्याच्या हाताकडे बघतो. हात वर, म्हणजे उचल. हात आडवा, म्हणजे थांब. बारकूचा हात आडवा असेल तर मालकिणीनेही बोलायचं नाही, असा यार्डाचा रिवाज. निसारभाईंनी हे पाहिलं आणि त्यांना फार आवडलं. "हाच माणूस मला पाहिजे," म्हणाले. तेव्हापासून हुकूम चालवायचा असला की खिडकीतून हाक जायची, "बारकूभाय, या, बोजा उचलायचाय!" बारकू येऊन पालथ्या डब्यावर बसायचा. निसारभाई फोड वाचायचे. पटलं तर बारकू क्रेनला करतो तसा हात वर करायचा, आणि तेव्हाच एन्टर.

मला ही नाटकं वाटायची. जितू तर उघड हसायचा. जितू म्हणजे माझ्या नवऱ्याचा पाठचा भाऊ. नवरा गेला तेव्हा तो शाळेत होता. मीच वाढवला, कॉम्प्युटरची डिग्री मिळेपर्यंत शिकवला, यार्डात भागीदार केला. हुशार आहे, हात चपळ आहेत, वाट बघणं मात्र त्याला जमत नाही. "वयनी, तुझ्या ऑफिसात कीर्तन चाललंय की काम?" असं दारात उभं राहून विचारायचा. एकेक अक्षर टाइप करण्यात निसारभाईंचा वेळ जातो म्हणून त्यानेच त्यांना चिकटवायला शिकवलं: मुन्शीने दिलेला हुकूम मोबाइलवरून ऑफिसच्या कॉम्प्युटरवर घ्यायचा, उचलायचा आणि त्या जुन्या मशीनला जोडलेल्या काळ्या खिडकीत चिकटवायचा. निसारभाई खूश झाले. तेव्हापासून त्यांनी हुकुमाची अक्षरं बघणंच सोडलं. "ती मशीनसाठी आहेत," म्हणायचे, "माझ्यासाठी मतलब."

एकदा मुन्शी खरंच चुकला. गाड्यांचे जुने फोटो दुसऱ्या डिस्कवर हलवायचे होते. हुकूम आला, फोड आली, निसारभाईंनी वाचली. बारकूने हात वर केला नाही. डोकं खाजवत विचारलं, "निसारभाय, जुनं सगलं तिकरं जाईल. पन आजच्या गाडीचा फोटो पन तितंच हाय ना? तो पन जाईल का?"

निसारभाईंनी तोच प्रश्न मुन्शीला टाकला. मुन्शी म्हणाला, बरोबर आहे, या हुकुमाने आजचेही जातील. आणि दुरुस्त हुकूम लिहून दिला.

जितू दारातच होता. "क्रेनवाला आता कॉम्प्युटर शिकवणार!" म्हणून जोरात हसला.

"शिकवणार नाही, जितूशेठ," निसारभाई म्हणाले. "थांबवणार. शिकवणारे पुष्कळ असतात."

बारकू लाजून डब्यावरून उठला. पण तेव्हापासून तो घरी जाऊन सांगायचा म्हणे, की माझ्या हाताशिवाय आता कॉम्प्युटरपण हलत नाही.

मग ती दुपार आली. एका बिल्डरची गाडी भरायची होती आणि तिला उशीर झाला होता. मी मागच्या गोदामात होते. आवाज ऐकला तो लोखंड पडल्याचा. तो रोजचाच असतो. त्यानंतरची शांतता रोजची नव्हती. सळयांची जुडी ज्या तारेच्या दोराने उचलली होती, तो दोर तुटला होता. बारकू खाली होता. जितू त्याच्यापासून चार हातांवर उभा होता, चेहरा पांढराफटक.

बारकूला टेम्पोत घालून आम्ही दवाखान्यात निघालो. त्याचं डोकं माझ्या मांडीवर होतं. तो शुद्धीवर होता. वेदनेने ओरडला नाही. एकच गोष्ट पुन्हा पुन्हा विचारत राहिला. "ताय, दोराच्या तारा तुटलेल्या. मी हात आरवा केलता. मंग वर कोनी केला?" मी म्हटलं, आपण बघू, तू बोलू नकोस. दवाखान्याच्या पायरीशी त्याने परत विचारलं. त्यानंतर तो बोलला नाही.

क्रेन चालवणाऱ्याला मी विचारलं. तो म्हणाला, ऊन डोळ्यावर होतं, हात वर गेलेला दिसला, कोणाचा ते दिसलं नाही. काही दिवसांत तो गावी निघून गेला, तो परतला नाही. राहता राहिला कॅमेरा. यार्डाच्या तोंडाशी असलेला कॅमेरा क्रेनकडेच रोखलेला होता. बारकूच्या प्रश्नाचं उत्तर त्या जुन्या मशीनमध्ये होतं.

निसारभाईंनी ते रेकॉर्डिंग पाहिलं नाही. "माझ्याने बघवणार नाही, बाय," अंत्यविधीच्या ठिकाणी ते म्हणाले. "पोलिसांनाच दाखवू. तोवर मी जपतो." मी म्हटलं, जपा. मी दुसऱ्या दिवशीही बारकूच्या घरीच होते. त्याची बायको यमुना जमिनीवर डोकं आपटत होती, तिला धरायला कोणीतरी हवं होतं.

त्या सकाळी ऑफिसात जे झालं, ते मला निसारभाईंनी सांगितलं, आणि जितूनेही त्यातलं बरंचसं नाकारलेलं नाही.

जितू घाईघाईने आत आला. म्हणाला, मशीनची जागा भरत आली आहे. जागा भरली की मशीन जुनं रेकॉर्डिंग आपोआप पुसतं, त्यात परवाचंही जाईल. पोलिस येण्याआधी जागा करायला हवी. मी एआयला विचारलंय, हुकूम आणि फोड तुम्हाला पाठवली आहे. निसारभाईंच्या मोबाइलवर मेसेज आला होताच. वर हुकूम, खाली फोड, मुन्शी देतो तशीच. फोडीत लिहिलं होतं: हा हुकूम मागच्या वर्षीचं रेकॉर्डिंग भंगारात टाकतो, पाहिजे तेव्हा परत काढता येतं, नव्याला हात लागत नाही.

निसारभाईंनी तो हुकूम कॉम्प्युटरवर घेतला, उचलला, काळ्या खिडकीत चिकटवला. मग सवयीने ऑफिसच्या खिडकीकडे वळले, हाक मारायला तोंड उघडलं आणि तसेच राहिले. पालथा डबा रिकामा होता. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. तेव्हा जितू पुढे येऊन त्या डब्यावर बसला. "बारकू नाही, तर मी ऐकतो, निसारभाई," तो म्हणाला. "वाचा."

"मला इतकं बरं वाटलं, बाय," निसारभाईंनी मला नंतर सांगितलं. "वाटलं, पोरगा हसायचा, पण शेवटी शिकला."

त्यांनी फोड मोठ्याने वाचली. जितूने सगळी ऐकली. मग बारकूसारखा हात वर केला. निसारभाईंनी एन्टर दाबलं.

दुपारी पोलिस आले. निसारभाईंनी मोठ्या अदबीने त्यांना स्वतःची खुर्ची दिली आणि रेकॉर्डिंग उघडायला गेले. मागच्या वर्षीचं सगळं जागच्या जागी होतं. त्या दुपारचं नव्हतं. भंगारात शोधलं, तिथेही नव्हतं. मी पोचले तेव्हा ते काळ्या खिडकीसमोर उभे होते. खिडकीत सकाळचा हुकूम अजून दिसत होता. त्यांनी तो आपल्या मुन्शीला पाठवला आणि विचारलं, हा काय करतो? उत्तर आलं, ते त्यांनी मला वाचून दाखवलं. आवाज नेहमीसारखाच, सावकाश. "हा हुकूम फक्त परवाच्या तारखेचं रेकॉर्डिंग भट्टीत टाकतो. परत मिळणार नाही. चालवण्याआधी नक्की खात्री करा." वाचून झाल्यावर नेहमीच्या सवयीने म्हणाले, "समजलं?" आणि खाली बसले. खुर्ची पोलिसांकडे होती, ते जमिनीवरच बसले. रुमाल अंथरला नाही.

जितूचा मेसेज उघडून दाखवायला गेले तर त्या जागी मेसेज काढून टाकल्याची ओळ होती.

"मी हुकूम वाचलाच नाही, बाय," ते म्हणाले. "मतलब वाचला. हुकूम वाचायला पाहिजे होता."

मान वर करून त्यांनी जितूला विचारलं, सगळ्यांच्या समोर. "जितूशेठ, भंगार आणि भट्टी हे माझ्या मुन्शीला मी शिकवलं. तुमच्या मुन्शीला कोणी शिकवलं?"

जितूने एकदा पोलिसांकडे पाहिलं. मग म्हणाला, "काय बोलताय, निसारभाई? मी कुठे काही पाठवलं? तुम्हीच काढलात तो हुकूम तुमच्या त्या मुन्शीकडून. मी नुसता बसून ऐकत होतो. तुम्ही वाचलंत, मी हात वर केला. मशीनने चुकीचं सांगितलं असेल. मागेपण चुकलं होतं की! बारकूनेच पकडलं होतं तेव्हा."

हे उत्तर सगळ्यांना फार सोयीचं पडलं. पोलिसांना पडलं, कारण कागदावर लिहायला सोपं होतं: वयस्कर कर्मचाऱ्याने एआयवर विसंबून चुकीचा हुकूम चालवला. बाजारातल्या लोकांना पडलं, कारण चहाबरोबर बोलायला विषय मिळाला. जो तो मला सांगायला लागला की ताई, ही एआयची भानगड म्हाताऱ्या माणसाच्या हातात द्यायचीच नव्हती. जो माणूस समजल्याशिवाय बटणाला बोट लावत नव्हता, तो पनवेलभर न समजता बटण दाबणारा म्हणून प्रसिद्ध झाला.

मी गप्प बसले नाही. तो हुकूम माझ्या मोबाइलवर घेतला आणि ज्याला त्याला विचारायला लावला. पोलिसांसमोर विचारला, जितूसमोर विचारला, सासूबाईंसमोर विचारला. शब्द वेगवेगळे आले, पण प्रत्येक वेळी एआयने हेच सांगितलं की हे कायमचं पुसतं, आणि प्रत्येक वेळी आधी सावध केलं. मशीन चुकलं असतं तर एकदा तरी माझ्यापुढेही चुकलं असतं ना? मग 'परत काढता येतं' हे कोणी लिहिलं? पोलिस म्हणाले, ताई, तो मेसेज दाखवा. मेसेज कुठून दाखवू? उरलेल्या ओळीवरून आत काय होतं ते कळत नाही, आणि मुन्शीशी झालेल्या बोलण्यात हा हुकूम नाही म्हटलं तर म्हणाले, पुसला असेल. डिस्क काढून वाशीला एका जाणकाराकडे नेली. त्याने सांगितलं, कॅमेरे चालूच राहिले, त्या जागेवर नवीन रेकॉर्डिंग लिहिलं गेलं, आता काही निघणार नाही. मी आयुष्यभर तुटलेलं, गंजलेलं, फेकलेलं विकत घेऊन उभी राहिले. त्या डिस्कचं काही होऊ शकत नाही हे ऐकून मी त्याच्या दुकानात बसून रडले.

निसारभाई रोज कामावर येत राहिले, पण मोबाइल खिशातून काढत नसत. मुन्शीशी बोलणं बंद. कोणी हुकुमाचं काम काढलं तर म्हणायचे, "मला येत नाही. मला कधीच येत नव्हतं." एक दिवस मला न सांगता विचुंब्याला गेले, यमुनाला भेटायला. त्यांना तिला सगळं समजावून सांगायचं होतं. सगळं समजावून सांगितलं की माणसाला पटतं, यावर त्यांचा अजून थोडा विश्वास शिल्लक होता.

यमुनाने त्यांना ओटीवर बसायला सांगितलं, पाणी दिलं, शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाली, "भाय, आमचा मानूस घरी येऊन सांगायचा, निसारभाय समजल्याबिगर बटन दाबत नाय. मंग त्या दिवशी काय समजलं तुमाला?"

निसारभाईंनी पाण्याचं भांडं खाली ठेवलं. तेव्हा ती म्हणाली, "त्याचं शेवटचं चित्र तुमी पुसलंत. आता तो खोटा का क्रेनवाला खोटा, कोन सांगंल? लोक बोलतात, त्यानीच हात वर केला आन् सोताच मेला."

हे त्यांनीच मला सांगितलं. सांगताना आवाजात तक्रार नव्हती. "बरोबर बोलली ती," म्हणाले. दुसऱ्या दिवसापासून यार्डात यायचे बंद झाले.

मी मोहल्ल्यात त्यांच्या घरी जायचे. वरच्या खोलीच्या सळया तशाच उघड्या उभ्या होत्या, काम थांबलेलं. झुबेदाभाभी चहा करायच्या, आलं घालून. निसारभाई खाटेवर टेकून बसलेले असायचे. शर्टाचं वरचं बटण उघडं. मोबाइल काचेच्या कपाटात, कपबशांच्या मागे ठेवलेला. मी तावातावाने सांगायचे, वकील बघते, जितूला भागीदारीतून काढते, त्याच्या तोंडून वदवते. ते ऐकून घ्यायचे.

"बाय," एकदा म्हणाले, "तुम्ही सगळ्यांशी भाव करता. माझ्या नावाचा भाव करू नका. थोडं परत आणाल, थोडं सोडाल. मला थोडं नको."

शेवटच्या भेटीत त्यांनी मला एकच विचारलं. "मी वाचत होतो तेव्हा तो समोर बसून ऐकत होता. प्रत्येक शब्द खोटा आहे हे त्याला ठाऊक होतं. मी वाचून 'समजलं?' विचारलं, तो 'हां' म्हणाला. असं ऐकता कसं येतं माणसाला?" ज्याला मी लहानपणापासून ओळखते, त्याच्याबद्दल ते मला विचारत होते.

पुढच्या आठवड्यात झुबेदाभाभींचा फोन आला. झोपेतच गेले. दफनाला यार्डातले हमाल आले होते, कोपऱ्यात उभे राहिले. जितू आला नाही. आता यार्डात नवीन मशीन आहे. रंगीत पडदा, माउस, प्रत्येक वेळी 'नक्की का?' विचारतं. जितूनेच बसवून घेतलं. निसारभाईंच्या खुर्चीवर तो बसतो. बारकूचा पालथा डबा कोणीतरी भंगारात टाकला होता, तो मी शोधून परत आणला आणि खुर्चीसमोर ठेवला आहे. त्यावर कोणी बसत नाही. सासूबाई म्हणतात, झालं ते झालं, घर मोडू नकोस. बाजार म्हणतो, मशीनची चूक. पोलिसांचा कागद बंद झाला. मी वर्षानुवर्षं एकेका आण्यासाठी घसा फोडून भांडले आणि जिंकले. या एका गोष्टीत मला कोणी समोर बसून भावसुद्धा करू देत नाही.

म्हणून हे लिहिलं. जितू, हे तुझ्यापर्यंत पोचेल अशी व्यवस्था मी करणार आहे. निसारभाईंसमोर डब्यावर बसून तू हात वर केलास, हे तू तुझ्या तोंडाने पोलिसांना सांगितलं आहेस. आता त्याच्या आधीचा हात सांग. माझ्या एकटीपुढे नको. विचुंब्याला यमुनाच्या ओटीवर ये, झुबेदाभाभींना मी घेऊन येते. तिथे बस आणि आम्हा तिघींना समजेल असं, एकेक तुकडा फोडून सांग. त्या दुपारी क्रेनसमोर दोराच्या तारा तुटलेल्या होत्या आणि बारकूचा हात आडवा होता. वर कोणी केला?